काहिलीतून गेलेली तानाक्का

नदीवर पूल नव्हता आणि पावसाळाभर तिला विचारल्याशिवाय कुणी पलीकडं जात नव्हतं, इतकी जुनी ही गोष्ट. तेव्हा कुरणवाडीत तानाक्का नावाची सुईण होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळं चांगले मिशाळ पुरुषसुद्धा तिच्यासमोर बेतानं बोलत.

तिची एकुलती लेक हिरा पलीकडं आंबेघाटला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. तानाक्का तिला आणायला दोनदा गेली. दोन्ही वेळा विहीणबाई म्हणाल्या, "जरा चांगला दिवस बघून पाठवतो की." चांगला दिवस निघेपर्यंत नदीला पूर आला.

एका सकाळी पलीकडच्या घाटावरून बायकांची हाळी आली. हिराला कळा सुरू झाल्या होत्या आणि मूल अडलं होतं.

सिदू नावाड्यानं नाव झाडाला बांधून ठेवलेली. "आक्का, ह्या पाण्यात नाव घालायची न्हाई," तो म्हणाला. तानाक्का तशीच वळली. ती गुऱ्हाळावर गेली. तिथं उसाचा रस आटवायची भली मोठी लोखंडी काहील पालथी पडली होती. असं म्हणतात, चार गडी लागणारी ती काहील तिनं एकटीनं चाकासारखी उभी केली आणि लोटत काठावर नेली.

"आक्का, ह्यात गूळ शिजतो," सिदू म्हणाला.

"आज मी शिजते," ती म्हणाली, आणि गूळ ढवळायचं लांब फावडं घेऊन आत बसली.

काहिलीला ना पुढचं टोक, ना मागचं. मधल्या धारेत भोवऱ्यानं तिला धरलं आणि ती गरगरा फिरू लागली. तानाक्काला एकदा आंबेघाट दिसे, एकदा कुरणवाडी. फावडं मारून हात भरून आले, पण काहील वीतभरही पुढं सरकेना. तेव्हा तिनं फावडं मांडीवर ठेवलं. आपण पोचत नसलो तरी आवाज पोचतोय, हे तिच्या ध्यानात आलं.

"हिराला सांगा गं, माझं तोंड दिसलं की जोर कर. पाठ दिसली की दम खा," ती आंबेघाटच्या बायकांना ओरडून म्हणाली.

घाटापासून घरापर्यंत बायका ओळीनं उभ्या राहिल्या. पहिली पाण्याकडं बघून म्हणे "तोंड", म्हणे "पाठ", आणि शब्द ओळीतून घरात जाई. शेवटी दाराशी विहीणबाई. आवाज त्यांचा सगळ्यांत खणखणीत. एरवी तो सुनेवर चालायचा, त्या दिवशी सुनेसाठी चालला.

काहील किती वेळा फिरली, यावर दोन्ही गावांचं अजून एकमत नाही. पण असं म्हणतात, बाळाचा पहिला टाहो पाण्यावर पडला आणि भोवरा जागच्या जागी थांबला. काहील आपसूक घाटाला लागली. तानाक्का उतरली तेव्हा तिचं डोकं इतकं गरगरत होतं, की दोघींनी धरून तिला घरी नेलं. नाळ मात्र तिनंच कापली. मुलगी झाली होती.

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "दिवस चांगला निघाला."

"निघाला खरा," तानाक्का म्हणाली, "पर आदी मला एक घोटभर पानी द्या."

आता पूल आहे, दवाखाना आहे. तरीही त्या दोन गावांतली कुणी बाळंतपणाला गेली, की बायका फाटकापासून तिच्या खोलीच्या दारापर्यंत ओळीनं उभ्या राहतात. नर्स रागावते, मग त्या थोडं सरकून उभ्या राहतात. पहिलीनं म्हणायचं, "तानाक्का आली," आणि शब्द हळूहळू आत जातो. जिला आई नाही, तिच्यासाठी ही ओळ सगळ्यांत लांब असते.