मैनाच्या काळजातला आवाज

एका गावात एक भोळा बाप होता. नाव रंभाजी. सांगितलेलं तो कधी विसरत नसे, आणि गावाचं दुखणं नेमकं तेच होतं.

एकदा अंगणवाडीत डॉक्टरीणबाई मुलं तपासायला आल्या. रंभाजीच्या चार वर्षांच्या मैनाच्या छातीला नळी लावून म्हणाल्या, "हिच्या हृदयात बारीक आवाज येतोय. घाबरू नका, पुष्कळ धडधाकट मुलांत असतो. खात्रीसाठी तालुक्याला माझ्याकडे आणा, मशीनवर बघू."

रंभाजी धावत घरी गेला आणि अंगणातूनच ओरडला, "अगं, मैनाच्या काळजात आवाज आहे!"

'घाबरू नका' तेवढं त्यानं सांगितलं नाही. ते बाईंनी त्याला सांगितलं होतं, बायकोला नव्हे.

कौसल्याच्या हातातली परात पडली. सावरल्यावर ती म्हणाली, "अहो, असलं ओरडून सांगतात का? आधी माणसाला बसवावं, पाणी द्यावं, पाठीवरून हात फिरवावा. मग हळूच सांगावं."

"बरं," रंभाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिदूकाकांच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. रंभाजीनं ती सगळ्यांआधी पाहिली. तो काकांकडे गेला. त्यांना बाजेवर बसवलं. पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला.

"काय रे, झालं काय?"

"पाणी प्या काका. आणखी देऊ?"

"अरे, बोल की!"

"हळूच सांगतो. तुमची गंजी होती ना..."

'होती' ऐकून काका उठले. तोवर राखेतून धूर निघत होता.

"अरे शहाण्या, लाल दिसलं की आधी पाणी मारायचं! बोलायचं मागनं!"

"बरं," रंभाजी म्हणाला.

तपासणीचा दिवस आला. "ते मशीन बघून माझाच जीव जायचा," म्हणून कौसल्या घरी राहिली आणि रंभाजी मैनाला घेऊन एसटीत बसला.

तपासणीच्या खोलीत अंधार होता. बाईंनी मैनाच्या छातीला गार गार जेल लावलं. "सुई नाही, दुखणं नाही," म्हणाल्या. पडद्यावर मैनाचं हृदय धडधडायला लागलं. मग रक्त कुठून कुठं वाहतंय ते दाखवायला त्यात रंग उमटले. निळा. आणि लालभडक.

रंभाजीनं पिशवीतली बाटली काढली आणि पाणी मारलं. बाई आडव्या आल्या म्हणून मशीन वाचलं.

पदर पिळत बाई म्हणाल्या, "खाली बसा! आता मी सांगेपर्यंत तोंडातून एक अक्षर काढायचं नाही!"

'बरं' म्हणणंही बोलणंच, म्हणून रंभाजीनं नुसती मान हलवली.

तपासणी पुरी झाली. बाई हसून म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. आवाज आहे तो रक्त वाहतानाचा, मोठेपणी बहुतेक जाईलही. औषध नको, पथ्य नको. मैना, खूप पळायचं हं!" सगळं सांगितलं. 'आता बोला' एवढंच सांगायचं राहिलं.

परतीच्या वाटेवर मैना बापाच्या खांद्यावर गाढ झोपली. दारात कौसल्या उभी होती.

"काय म्हणाल्या बाई?"

रंभाजी गप्प.

"अहो, बोला ना! बरी आहे ना माझी मैना?"

रंभाजीनं खाली मान घातली. खांद्यावरचा मैनाचा हात नुसता लोंबत होता. कौसल्यानं एकच हंबरडा फोडला. आळीतल्या बायका धावत आल्या आणि त्यांनीही गळे काढले. शिदूकाकांनी डोक्यावरची टोपी काढली.

रंभाजीनं सगळ्यांकडे पाहिलं. मग मटकन खाली बसून तोही रडायला लागला. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

त्या आवाजानं मैना जागी झाली. डोळे चोळत म्हणाली, "आई, बाई म्हणाल्या मला काहीच झालं नाही. पळ म्हणाल्या."

रडणं जागच्या जागी थांबलं. कौसल्यानं लेकीला छातीशी घट्ट धरलं आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, मग तुम्ही कशाला रडत होता?"

"बोला आबा," मैना म्हणाली, "बाई सांगायला विसरल्या असतील."

रंभाजीनं नाक पुसलं. "वा! आपल्या दारात सगळं गाव रडतंय, आणि आपणच कोरडं बसायचं? बरं दिसतं का ते?" मग कौसल्याला त्यानं बाजेवर बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं,

"पण गेलं कोण गं आपल्या घरातलं?"