रविवारपर्यंत जगणारे मासे

“...पण मग ते मरतात का? तेवढंच सांगा मला!”

बारापात्रे साहेबांनी पिशवी उलटी केली. तलावाच्या पाळीवर, बांधाच्या मातीत बोटाएवढे अठरा मासे पडले. सगळे मेलेले.

सोनबा पचारे पोत्यावर बसून गळाला दोरी बांधत होता. त्यानं माशांकडे पाहिलं. मग पुन्हा दोरीकडे.

सोनबा झाडीपट्टीतला म्हातारा ढिवर. ज्या तलावाच्या पाळीवर तो बसला होता, त्यात त्याच्या चार पिढ्यांनी जाळी टाकली. तलाव ठेक्यानं गेला आणि जाळं बंद झालं. उरला एक गळ. चार पिढ्यांचं पोट एका कागदानं कापलं आणि गावात कुणी आवाज केला नाही. सोनबानंही नाही. करायला हवा होता.

गळावर मरळ धरायची तर आमिष जिवंत लागतं. सोनबाच्या झोपडीत, मातीच्या पसरट तसराळ्यात, असली बारीक मासळी पंधरा-पंधरा दिवस जगायची. ते कसं, हे शिकायला तालुक्याचे हौशी लोक त्याच्याकडे येत. बारापात्रे त्या बुधवारी तिसऱ्यांदा आले होते. शिकायला नव्हे, जाब विचारायला.

“काचेची टाकी घेतली. हवेचा पंप बसवला. दिवसातून चार वेळा खायला घालतो. रोज सगळं पाणी बदलतो, स्वच्छ, नळाचं. माणसानं अजून काय करायचं?”

“रोज सगळं?”

“सगळं. एकतीस वर्षं शहराला पाणी पाजलंय मी. पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर होतो. पाण्यातलं मला शिकवू नका.”

“नाई शिकवत जी.”

सोनबानं दोरीची गाठ दातानं आवळली...

“अहो, माझं पाणी वाईट आहे का? बोला ना!”

“वाईट कसं, साहेब? एकदम चोख. त्यात काही जगूच नये म्हणून तर तुमी औषध टाकत होते.”

शहराच्या पाण्यात क्लोरीन किती घालायचं हे एकतीस वर्षं ज्यानं ठरवलं, त्याला मासा हाही जीवच आहे हे सुचलं नव्हतं.

बारापात्रे खाली बसले. पँटला माती लागेल याचा विचार न करता.

“रविवारी माझा मुलगा येतोय. पुण्याहून. चार वर्षांनी.”

सोनबानं गळ बाजूला ठेवला.

“लहानपणी त्याला मरळ धरायला न्यायचो. यावेळी आला की त्याच्या हातात गळ द्यायचा आहे. त्याची आई गेल्यापासून आम्हा दोघांत बोलायला... दुसरं काही नाहीच.”

“घरी कोन हाये?”

“मी.”

“अजून?”

“मी.”

सोनबा उठला. झोपडीत जाऊन स्टीलच्या डब्यात तलावाचं पाणी घेतलं आणि तसराळ्यातले मासे वाटीनं उचलून त्यात सोडले.

“सातच? मला तीस तरी लागतील.”

“तीस मेलेले पायजे का सात जिते?”

बारापात्र्यांनी डबा दोन्ही हातांनी धरला.

“नळाचं पानी एक दिवस बादलीत उघडं ठेवा. बदलाचं तर थोडंच बदला. टाकी सावलीत. खायला चिमूटभर, ते बी एक दिवसाआड. वर जाळी झाका. आन् घडीघडी उचलून पाहू नका.”

“पाहायचंही नाही? मग दिवसभर मी करू काय?”

सोनबानं डब्यावर झाकण बसवलं.

शनिवारी दुपारी बारापात्रे पुन्हा आले. एसटीतून, डबा मांडीवर धरून. झाकण काढलं. सातही मासे फिरत होते.

सोनबाच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “वा जी, इंजिनिअर साहेब! आता उद्या बापलेकाची मजा.”

“तो येत नाहीये. सकाळी फोन आला. ऑफिसात काम निघालं म्हणे. पुढच्या महिन्यात जमवतो, म्हणाला.”

“मग तुमी काय बोल्ले?”

“बोललो. येऊच नकोस म्हणालो. मी मेलो तरी येऊ नकोस. आणि फोन कापला.”

दूर ठेकेदाराच्या मोटरबोटीचा आवाज आला आणि विरला.

“पुन्हा केला त्यानं?”

“दोनदा. उचलला नाही.”

बारापात्र्यांनी डबा सोनबापुढे धरला.

“तुमचे मासे घ्या परत. माझ्या घरी आता त्यांचं काम नाही.”

सोनबानं डबा घेतला नाही.

“घ्या म्हणतोय ना! सांगितलं तस्संच केलं मी. तीन दिवस जाळी उचलली नाही. बाजूला खुर्ची टाकून नुसता बसलो. जन्मात पहिल्यांदा कुणाचं ऐकलं, सोनबा, आणि हे असं!”

“मासे तर जगले ना जी.”

“मग जगू दे त्यांना तलावात!”

बारापात्रे तरातरा पाळ उतरले. पाण्याच्या कडेला उकिडवे बसले आणि एक-एक मासा भिरकावून द्यायला त्यांनी हात डब्याकडे नेला. मासे तळाशी दबले.

सोनबाला पंचाहत्तरी उलटलेली. तरी तो उतरणीवर धावला आणि त्यानं साहेबांचं मनगट वरच्या वर धरलं.

“सोडा!”

त्यानं सोडलं नाही. मनगट वळवलं. तळवा उन्हानं तापलेला, कोरडा ठणठणीत. सोनबानं तो हात तसाच ओढून तलावात बुडवला, कोपरापर्यंत, आणि दाबून धरून ठेवला.

एकतीस वर्षं हुकूम सोडलेला माणूस. त्याला हात हिसकता आला असता...

त्यानं हिसकला नाही. त्याचे खांदे हलू लागले. आवाज मात्र नव्हता.

डब्यातला एक मासा हळूच वर आला.

मग सोनबा म्हणाला, “आधी हात ओला करत जा, बापू. कोरड्या हातानं त्याइले भाजते.”