सहीच्या वरचा मजकूर

प्राचार्य उपासनींनी परीक्षेच्या कामवाटपाचा आदेश वर्ड फाइलमध्ये टाइप केला, खाली आपल्या सहीचं चित्र चिकटवलं आणि लिपिक रेवती गावंडेंना सांगितलं, "सगळ्या प्राध्यापकांना पाठवा."

"सर, पीडीएफ करून पाठवते. वर्डमधला मजकूर कोणीही बदलेल."

"माझ्या सहीच्या वरचा मजकूर बदलायची कोणाची छाती आहे?" सर गुरकावले. "आहे तशीच पाठवा."

दहा मिनिटांनी सरांच्या मोबाइलवर फाइल आली. ती वाचून ते खुर्चीतच थिजले. 'उद्यापासून प्रयोगशाळेतल्या बाटल्या प्राचार्य उपासनी धुतील.' खाली त्यांचीच लफ्फेदार सही. त्यांनी गावंडेबाईंना आत बोलावलं.

"हे मी कधी लिहिलं?"

"सही तर तुमचीच आहे, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "अजून फक्त तुम्हालाच पाठवलाय. हाच आदेश पीडीएफ करू का? मग कोणाला सहज बदलता येणार नाही."