निळीची कुंडं आणि नऊ दिवस

एका नदीकाठच्या गावात एक म्हातारा रंगारी होता. गावातल्या निळीच्या कारखान्यात उघड्यावर, जमिनीत पुरलेली चार मोठी कुंडं होती आणि त्यांत कापड बुडवणारे वीस रंगारी होते. निळीचं कुंड तान्ह्या पोरासारखं असतं. रोज गूळ-चुना घालावा लागतो, रोज ढवळावं लागतं. हेळसांड झाली की ते मरतं, म्हणजे रंगच देत नाही, आणि नवं लावायला महिनोन्‌महिने जातात.

उन्हाने रंगाऱ्यांची डोकी तापत, चुन्याने हात सोलवटत. छप्पर मागायला जो तो एकटाच मालकाकडे जाई. मालक म्हणे, "बघू." हे "बघू" म्हाताऱ्याने वीस वर्षं ऐकलं. शेवटी तोच म्हणाला, "अरे, एकेकट्याने जाऊन काय उपयोग? सगळे मिळून जाऊ." असा संघ झाला आणि म्हाताऱ्याचा पुतण्या त्याचा म्होरक्या झाला.

संघाचा गुण दोन्हीकडे आला. रंगाऱ्यांना हातांना लावायला तेल मिळू लागलं. मालकामागची वीस तोंडांची वीस गाऱ्हाणी संपली. एकदा शब्द ठरला की सगळे पाळत. पण छपराचं नाव काढलं की पुन्हा "बघू". मग संघाने ठरवलं, छप्पर कबूल होईपर्यंत कारखान्यात कुणीही पाऊल टाकायचं नाही.

"आणि कुंडं रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कुणीही म्हणजे कुणीही नाही, काका," पुतण्या म्हणाला. पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा एकटाच गेला, चारही कुंडं ढवळली, गूळ-चुना घातला आणि घरी आला. मग रोजच जाऊ लागला. झालं! म्हातारा फितूर, असा गावभर बोभाटा झाला. तो पारावर बसला की बाकीचे उठून जात. पुतण्याच्या घरून रोज येणारं कालवण बंद झालं. बायको जाऊन दहा वर्षं झाली होती, पण इतकं एकटं त्याला तेव्हाही वाटलं नव्हतं. बोलायला कुणी नाही म्हणून बिचारा कुंडांशीच बोले.

मालक मात्र खूश होऊन मिठाई घेऊन आला. "बाबा, तुम्हीच एक शहाणे. सणाचं कापड खोळंबलंय, तेवढं बुडवून द्या."

"एक चिंधीसुद्धा बुडवणार नाही, मालक. संघाचा शब्द आहे. पण कुंडं मेली, तर छप्पर घालणार कशावर?"

"म्हणजे तुम्हीही त्यांच्यातलेच!" मालक मिठाई उचलून चालता झाला.

सण तोंडावर आला आणि म्हाताराही बधेना. नवव्या दिवशी मालक नमला, छप्पर कबूल केलं. रंगारी वाजतगाजत आत शिरले आणि कुंडांवरचा ताजा निळा फेस पाहून जागीच थबकले. त्याच दिवशी सणाचं कापड कुंडांत बुडवलं. कुंडं मेली असती, तर जिंकूनही सगळे घरी बसले असते आणि मालकही बुडाला असता.

पुतण्याने म्हाताऱ्याचे पाय धरले. "काका, निदान सांगायचं तरी होतं."

"सांगणार होतो रे," म्हातारा म्हणाला. "नऊ दिवस वाट पाहिली. विचारायला एकही जण आला नाही."

तात्पर्य: एकीने मालकाला ऐकायला लावता येतं, पण त्या एकीने आपल्याच माणसाचं ऐकणं सोडू नये.