अंगणातला केवडा

ओढे बारमाही वाहत होते, त्या काळातली गोष्ट. एका ओढ्याकाठी दोन केवडे राहत, सख्खे भाऊ. सुवासासाठी गावातल्या रखमाकाकूंनी थोरल्याला नेऊन आपल्या अंगणात लावलं.

एके दिवशी खंड्या पक्षी धाकट्याकडे आला. "तुझा दादा वाऱ्याने उन्मळून पडला रे. गेला."

"काकूंनी पाणी तोडलं?"

"छे, रोज घागरभर घालायच्या. पण त्याला तोलून धरणाऱ्या, खोडातून खाली उतरलेल्या मुळ्या त्यांनी विळ्याने छाटल्या. अंगण नेटकं दिसावं म्हणून."

"मग तो गप्प का बसला? अंगावर काटे होते ना?"

"म्हणायचा, एवढ्या मायेने पाणी घालतात, त्यांचं मन कसं मोडू?"

"आणि माझं?" धाकट्याने विचारलं.

त्या दिवशी खंड्याने एकही मासा धरला नाही.