शिंदीवरची मुनिया

ओढ्याकाठी शिंदी दाट होती, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका शिंदीवर सुगरणींची वसाहत होती आणि तिचा एकच नियम होता: आपल्या झाडावर बाहेरचा पक्षी नको. का नको, हे विचारायचं नाही. तुरी नावाची तरुण सुगरण मात्र अंड्यातून बाहेर आल्यापासून तेच विचारत होती.

एके सकाळी तिथल्या एका रिकाम्या घरट्यात मुनिया नावाची, गवतात राहणारी छोटी पक्षीण सापडली. तिचं कुरण जळालं होतं. कुणाला न विचारता ती आली होती आणि चार अंडी घालून मोकळी झाली होती.

थोरल्या दगडूआबांनी सगळ्यांना बोलावलं. "आज एक आली, उद्या थवा येईल. आपल्या पिल्लांना दाणे पुरायचे नाहीत. तुरी, तुझी चोच धारदार आहे. घरट्याचा देठ कापून टाक."

"खाली ओढा आहे, आबा."

"मग? आम्ही बोलावलं होतं का तिला?"

तुरी घरट्यापाशी गेली. आत मुनिया अंड्यांवर पंख पसरून बसली होती. तुरी तशीच मागे फिरली.

"थवा आला तर काय करायचं, ते बसून ठरवू. पहारासुद्धा मीच देईन. येईल त्याला विचारीन, जागा नसेल तर नाही म्हणेन. पण ही अंडी मी ओढ्यात टाकणार नाही. आणि आबा, हे घरटं तुम्हीच विणलंय ना? सहा सुगरणी घर म्हणून बघायला आल्या आणि नाक मुरडून गेल्या. सातवीला आवडलं, तर तिला बुडवायची?"

एक म्हातारी सुगरण खुदकन हसली. "राहू दे तो देठ," आबा पुटपुटले. बाकीची थोर मंडळी, थवा आला तर काय करायचं, ते ठरवायला बसली.