दुर्पाची दांडी

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. हरणवेळच्या किनाऱ्यावर आज जी माडांची रांग दिसते, तिचे नारळ तेव्हा कुणी पेरलेही नव्हते. ऐकणाऱ्यांनी ऐकावी, ज्यांना झोप येते आहे त्यांनी खुशाल झोपावं, पण शेवटी जागं होऊन "मधे काय झालं?" असं विचारू नये.

हरणवेळ गाव एक, वाड्या दोन. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे अलीकडच्या काठावर कातळवाडी, पलीकडच्या काठावर खाडीवाडी. दोन्ही वाड्यांची रापण मात्र एकच. रापण म्हणजे भलंमोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि त्याच्या दोन टोकांचे दोर वाळूत पाय रोवून ओढायचे. मधोमध असते खोळ, तिच्यात मासळी गोळा होते. एक दोर कातळवाडीने ओढायचा, दुसरा खाडीवाडीने, आणि दोघांनी सारख्या जोराने ओढायचा. एकाने जरा जास्त ताकद दाखवली की जाळं तिरकं होतं आणि मासळी हसत हसत निघून जाते.

अशी पिढ्यान् पिढ्या चाललेली रापण मोडली कशावरून? तर एका सुरमईवरून. वर्षाच्या पहिल्या ओढीतला सगळ्यात मोठा मासा देवाच्या नावाने बाजूला काढायचा, ही रीत. त्या वर्षी सुरमई मिळाली ती माणसाएवढी, असं म्हणतात. ती मानाने उचलून न्यायची कुणी, यावरून दोन्ही वाड्यांनी डोक्यात राख घालून घेतली. शब्दाने शब्द वाढला आणि वल्ही उठली. सुरमई तिथेच वाळूत कुजली आणि तिच्याशेजारी कातळवाडीचा रवळू मरून पडला. वल्हं कुणाचं लागलं, ते त्या गर्दीत कुणालाच कळलं नाही.

त्याच संध्याकाळी दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी कोयते काढले आणि रापण मधोमध कापून अर्धी अर्धी वाटून घेतली. आता अर्धी रापण कशाला उपयोगी? एका हाताने ओंजळ करून पाणी प्यावं, तसलाच प्रकार. मासळी या बाजूने आली आणि त्या बाजूने गेली. हे कळायला मोठ्या माणसांना एक हंगाम लागला आणि कळल्यावरही ते मूग गिळून बसले. दोन्ही वाड्यांत चुली थंडावल्या. पोरं कंदमुळं उकरून खाऊ लागली.

मेलेला रवळू हा दुर्पाचा थोरला मुलगा. दुर्पाचं माहेर खाडीवाडी, सासर कातळवाडी. नवरा आधीच समुद्राने नेलेला. तिचा थोरला दीर म्हादू तांडेल, वादळातही होड्या हाकणारा, हा कातळवाडीचा पुढारी आणि तिचा सख्खा भाऊ गुणाजी हा खाडीवाडीचा. रवळू गेल्यावर तिने अन्न टाकलं नाही की छातीही बडवली नाही. तिला एकच दिसत होतं, की तिचा धाकटा सातू दिवसभर कोयत्याला धार लावत बसतो. म्हादू त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "येत्या नारळी पुनवेक तुझ्या भावाचो हिशोब पुरो करूया." सातू मान डोलवायचा. पलीकडच्या काठावर गुणाजीही आपल्या पोरांना हेच शिकवत होता. एक पोर गेलं होतं आणि दुसरं चाललं होतं. दुर्पाने पदर खोचला आणि ठरवलं, की हे मी होऊ देणार नाही.

खाडीच्या तोंडाशी ओहोटीला वाळूची एक दांडी उघडी पडायची आणि भरतीला बुडायची. ती ना या वाडीची, ना त्या. दुर्पा रवळूचं फाटकं जाळं आणि जाळ्याची लाकडी सुई घेऊन त्या दांडीवर जाऊन बसली. दोन्ही काठांवरून लोक बघत होते. हिला वेड लागलं, असं कातळवाडी म्हणाली. खाडीवाडीचंही तेच मत पडलं. बऱ्याच काळाने दोन्ही वाड्यांचं एकमत झालं होतं, तेवढंच.

पहिली आली ती येसू, गुणाजीची मुलगी, दुर्पाची भाची. वय सातूएवढंच. ती जाळ्याचं एक टोक धरून बसली आणि म्हणाली, "आत्ये, माका कोण काय विचारणाच नाय." दुर्पा म्हणाली, "माका सांग." येसूने सांगितलं. ऐकून दुर्पाची सुई हातातच थांबली.

त्याच दिवशी भरती लागली तसा सातू दांडीवर धावत आला. आई बुडेल म्हणून आला आणि येसूला बघून भडकला.

"ऊठ गो आये, पाणी चढता!"

"चढांदे. ह्या चेडवाचा गाऱ्हाणा ऐक. ऐकलंस की तेच्याच शब्दांनी परत बोल. 'पण' म्हणूचा नाय. आपला घुसडूचा नाय. ती 'होय म्हाराजा' म्हणासर मी उठूचंय नाय."

आता हे 'होय म्हाराजा' काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. जाणता माणूस एकेक मागणं मोठ्याने बोलतो आणि जमलेले सगळे त्याला 'होय म्हाराजा' म्हणून साथ देतात. ती साथ मिळाली नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही. म्हणजे होकार तो, साधासुधा नव्हे. दुर्पाने तो देवळातून उचलून दोन पोरांच्या मधे आणून ठेवला.

येसूने सांगितलं. सातूने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "तुझ्या बापाशीन माझ्या भावाक मारल्यान, ह्याच तुझा गाऱ्हाणा!"

"ह्या माझा न्हय," येसू म्हणाली.

पाणी दुर्पाच्या मांडीवर आलं. सातूने आईचा हात धरून ओढलं, पण ती हलेना. तो रडला, ओरडला, येसूला नाही नाही ते बोलला. पाणी कमरेवर आलं. येसूही उठली नाही. ती आत्याच्या खांद्याला खांदा लावून बसून राहिली. तेव्हा सातूने पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि अडखळत बोलला,

"तुझ्या आवशीक खावक मिळाला नाय. तिचा दूध आटला. तान्ह्या भावाक तू मांडयेर घेवन बसलंस, आणि तो तुझ्या मांडयेरच गेलो. आणि तेची खबर काढूक आमच्यातला कोणच इला नाय."

"होय म्हाराजा," येसू म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडली.

पाणी तेव्हा दुर्पाच्या छातीला लागलं होतं. तिथून ते बोटभरही वर चढलं नाही, येसूने सातूचं गाऱ्हाणं त्याच्या शब्दांत बोलून होईपर्यंत भरती तशीच उभी राहिली, असं म्हणतात. मग तिघंही भिजलेली उठली आणि दोन वाटांनी दोन काठांना गेली.

दुसऱ्या ओहोटीला सातू स्वतःहून दांडीवर गेला. येसूने आपल्या वाडीतली पोरं आणली, सातूने आपल्या. कुणी खरंच आलं, कुणी गंमत बघायला आलं. दुर्पा कुणालाच उपदेश करायची नाही. "भांडू नका" असं ती एकदाही म्हणाली नाही, असं सांगतात. ती जाळ्याचं एक घर अर्धं विणायची आणि पोरांपुढे टाकायची. एका वाडीच्या पोराने गाठ सुरू करायची, दुसऱ्या वाडीच्या पोराने ती आवळायची, आणि हात चालत असताना एकाने दुसऱ्याचं गाऱ्हाणं बोलायचं. 'पण' म्हणालं की गाठ सोडून पहिल्यापासून. सुरुवातीला इतक्या गाठी सुटायच्या की जाळं विणलं जातंय की उसवलं जातंय, तेच कळायचं नाही. दुर्पा म्हणायची, "सुटांदे. भरती येवक वेळ हा अजून."

मोठ्यांना हे खपलं असेल? छे! म्हादूने तिची चूल लाथेने मोडली आणि तिला घराबाहेर काढलं. ती खाडीवाडीत गेली, तर गुणाजीने तिच्या तोंडावर कवाड लावलं. ती मोडक्या होडीखाली राहू लागली आणि ओहोटी लागली की दांडीवर जाऊन बसू लागली. अंगात ताप असतानाही ती सरपटत गेली, पण एक ओहोटी चुकवली नाही, असं म्हणतात.

आणि नारळी पौर्णिमा उजाडली.

एरवी त्या दिवशी गाव समुद्राला नारळ देतो आणि नवा हंगाम सुरू होतो. त्या वर्षी दोन काठांवर दोन वाड्या समोरासमोर उभ्या राहिल्या. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ कुणाच्याच हातात नव्हता. होती ती वल्ही आणि कोयते. आधी गाऱ्हाणं घालायचं आणि मग दांडीवर उतरून एकमेकांना भिडायचं, असं ठरलेलं. ज्यांनी वल्हं उचलायचं त्यांनीच 'होय म्हाराजा' म्हणायचं, ही जुनी रीत. म्हणजे बोलणार म्हातारे आणि मरणार तरणे.

म्हादूने रवळूचं वल्हं सातूच्या हातात दिलं. दुर्पा मागे उभी होती. सातूने वळून आईकडे बघितलं, पण तिने ना मान हलवली ना डोळे. एक शब्द बोलली असती तर पोरगं थांबलं असतं, हे तिला ठाऊक होतं. पण आईच्या शब्दाने थांबलेलं पोर उद्या काकाच्या शब्दाने निघेल, हेही तिला ठाऊक होतं. म्हणून ती ओठ दाताखाली धरून गप्प राहिली.

म्हादूने हात जोडले. "बा देवा म्हाराजा! खाडीवाडीन आमचो झील रवळू खाल्लो, तेंचा वाटोळा कर रे म्हाराजा!"

कुणीच काही बोललं नाही.

पलीकडून गुणाजीचा आवाज आला. त्यानेही कातळवाडीचं वाटोळं मागितलं. तिकडेही पोरं मुकीच. म्हादूने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, नरडं फुटेस्तोवर घातलं. चार म्हाताऱ्यांनी कापऱ्या आवाजात 'होय म्हाराजा' म्हटलं आणि आजूबाजूला बघून तेही वरमले. वारा पडला. समुद्राची लाटसुद्धा फुटायची थांबून ऐकत राहिली, असं म्हणतात.

म्हादू सातूवर धावून गेला. "तुझ्या भावासाठी तोंड उघडणा नाय तुझा?"

सातू म्हणाला, "काका, ह्येच्यान दादा परत येतलो काय?"

सातू ते वल्हं घेऊन दांडीवर उतरला. मागून कातळवाडीची सगळी पोरं उतरली. समोरून येसू आली, तिच्यामागे खाडीवाडीची पोरं. मोठ्यांना वाटलं, आता पोरं भिडणार. दांडीच्या मध्यावर सातूने वल्हं वाळूत खाली ठेवलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! माझो भाऊस मेलो. येसूचोय भाऊस मेलो. दोघांकय आमच्या मोठ्यांनी रागाच्या भरात घालवलो, आणि तेंकाय तेचा दुख्ख हा, ता सांगूची तेंका लाज वाटता. तुटलला जाळा सांधूक आमका हात दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" पहिली येसू म्हणाली. मग खाडीवाडीची पोरं, मग कातळवाडीची. आणि मग काठावरून गुणाजीचा हुंदका ऐकू आला. त्या हुंदक्यात 'होय म्हाराजा' होतं की नव्हतं, यावर आजही वाद घालता येईल. पण अर्धी रापण खांद्यावर घेऊन सगळ्यांत आधी पाण्यात उतरला तो तोच.

त्या दिवशी भरती आलीच नाही. दोन्ही अर्धी जाळी सांधून होईपर्यंत दांडी कोरडी राहिली, असं म्हणतात. दुसऱ्या सकाळी रापण सोडली तेव्हा बांगडा असा भरला, की म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि बाळंतिणींनाही दोराला हात लावावा लागला.

दुर्पा पुढे खूप जगली. तिच्या हाताखालून गेलेल्या पोरांची पोरं दांडीवर येऊन बसू लागली, तोवर जगली. आणि ती गेली तेव्हा काय व्हावं? तिला अग्नी कुठल्या काठावर द्यायचा, यावरून दोन्ही वाड्या पुन्हा हमरीतुमरीवर आल्या! एक म्हणे आमची सून, दुसरी म्हणे आमची लेक. तेव्हा पोरांनी सगळ्या मोठ्यांना, पांढऱ्या केसांच्या सातू तांडेलालासुद्धा, वाळूत खाली बसवलं आणि दुसऱ्या वाडीचं गाऱ्हाणं बोलायला लावलं. बोलता बोलता सगळेच रडले आणि दांडीवरच तिला अग्नी द्यायचं ठरलं. तेव्हापासून ती दांडी कुठल्याच भरतीला बुडत नाही. नकाशावर तिला काय म्हणतात कोण जाणे, गाव तिला दुर्पाची दांडी म्हणतो.

आजही हरणवेळला नारळी पौर्णिमेचं गाऱ्हाणं त्या दांडीवरच होतं. घालतो जाणता माणूसच, पण 'होय म्हाराजा' म्हणायचा मान पोरांचा. आणि एकेक मागणं झालं की तो थांबतो, कारण ज्याला पटलं नसेल त्या पोराने "कित्याक?", म्हणजे "का?", असं विचारायचं असतं. उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. ऊन चढतं, नारळवाले कंटाळतात, पाहुणे घड्याळ बघतात, तरी गाव थांबतो.

मागे एकदा गावात बाहेरून राहायला आलेल्या काही लोकांबद्दल एक कडवट मागणं गाऱ्हाण्यात आलं होतं. समोर उभ्या असलेल्या एका चिमुरड्या मुलीने विचारलं, "कित्याक?" गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्याने तिला हात जोडले आणि ते मागणं मागे घेतलं.

मग सगळ्या पोरांनी मिळून 'होय म्हाराजा' म्हटलं आणि समुद्राला नारळ दिला.